हलकी गोळी

मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गोळ्यांची वजनं आणि त्यांचे वेग यांबद्दल असं काही बोलणार आहे की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस जंगलातच वाढला. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलो. कॉलेजात एन.सी.सी. घेतली होती, ती दोन महिन्यांत सोडली, कारण परेड पहाटे असायची. सिंगापूरला येऊन सोळा वर्षं झाली. पाया लेबारच्या एका ऑफिसात बसून मी मोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगची गणितं करतो. हवा किती वेगानं सोडली तर कुठल्या कोपऱ्यात किती गारवा पोचेल, ते आधी कॉम्प्युटरवर बघायचं आणि मग छातीठोकपणे सांगायचं. माझं चुकलं तर कुणालातरी उकडतं. त्यापलीकडे माझ्या चुकीनं कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं.

ज्यांचं बिघडलं ते माझे मित्र. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, म्हणून सगळे त्यांना चीफच म्हणतात. त्यांची बायको होती तोवर तीसुद्धा चारचौघांत चीफच म्हणायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मूळचे कोकणातले. बायको गेल्यावर बेडोकच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात, मुलगी कॅनडात. शनिवारी सकाळी मी क्वीन्सटाउनहून ट्रेन पकडून बेडोकला उतरायचो आणि खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या पंख्याखालच्या टेबलावर आम्ही दोघं कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पीत बसायचो. माझी बायको म्हणायची, सासुरवाडीला जाताना हा उत्साह कधी दिसला नाही.

चीफना शिकारीचा नाद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्यासारखा पापभीरू माणूस चरकलाच. पण त्यांचा नाद फुशारकीचा नव्हता. शिकारीवर बंदी यायच्या आधी त्यांचे वडील गावात शेतं उद्ध्वस्त करणारी रानडुकरं मारायचे. ते काम गावानंच त्यांच्यावर सोपवलं होतं. एकदा दुसऱ्या कुणीतरी अर्धवट मारलेलं डुक्कर दोन दिवसांनी करवंदीच्या जाळीतून बाहेर आलं आणि लाकूडफाट्याला गेलेल्या एका बाईची मांडी फाडून गेलं. तेव्हापासून वडिलांचा एकच नियम: एका बारात जनावर पडणार असेल तरच बार टाकायचा, नाहीतर बंदूक खांद्याला लावायचीच नाही. चीफ तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. पुढे जहाजाच्या नोकरीत सुट्टी मिळेल तसे, जिथे कायदा परवानगी देतो तिथे रीतसर परवाना काढून ते शिकारीला जायला लागले. पंचवीस वर्षांत नऊ जनावरं, आणि नऊच बार.

हे ते स्वतः कधी सांगत नसत. पण आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतीत कुणी नवीन माणूस भेटला की दुसरं कुणीतरी सांगायचंच, हे आपले चीफ, नवाला नऊ. तेव्हा चीफ खाली बघून हसायचे. माणसाजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेही तो मिरवत नव्हता.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. तीस वर्षं इंजिनरूममध्ये नट-बोल्टांचे पाने पिळून त्याची वाट लागली होती. ऑपरेशन झालं, तरी हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाला जपा. चीफ म्हणाले, एक शेवटचं, मग बंद. उत्तर ऑस्ट्रेलियात रानरेडे आहेत. फार पूर्वी जहाजांतून नेलेल्या म्हशी तिथे मोकाट सुटल्या आणि रानटी झाल्या. आता तिथे त्यांना उपद्रवीच समजतात. चीफ त्या भागात पूर्वी दोनदा जाऊन आले होते, गाइड ओळखीचा होता.

“तू गणिताचा माणूस,” ते मला म्हणाले. “रेड्याला मोठीच बंदूक लागते, त्यात तडजोड नाही. पण तिचा धक्का हा खांदा आता सोसेलसं वाटत नाही. काही मार्ग निघतो का बघ.”

झालं. मला कुणी हुशार म्हटलं की माझं काय होतं ते माझ्या बायकोला विचारा.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. सिंगापुरात बंदूक सोडाच, रिकामं काडतूस खिशात सापडलं तरी माणूस गोत्यात येतो. त्यामुळे चीफ हात हलवत जायचे. बंदूक गाइडची, काडतुसंही त्याचीच. तो ती आपल्या शेडमध्ये स्वतः भरायचा. जायच्या दोन महिने आधी त्याला ईमेलनं कळवायचं, गोळी कुठली, किती वजनाची आणि किती वेगानं सुटणारी. म्हणजे बंदूक तिकडे, खांदा बेडोकला आणि अक्कल क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये, अशी आमची वाटणी होती.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. ट्रेनमध्ये गोळ्या, जेवताना गोळ्या. रेड्यासाठीची नेहमीची गोळी तीनशे ग्रेनची. ग्रेन हे तिकडचं गोळी तोलायचं माप. तीनशे ग्रेन म्हणजे आपले जेमतेम वीस ग्रॅम. ती सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वेगानं सुटते. आता शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेलं आहे: ऊर्जा म्हणजे निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वर्ग वेगाचा आहे, वजनाचा नाही. म्हणजे वजन कमी करून वेग जरासा वाढवला की ऊर्जा तेवढीच राहते. आणि खांद्याला जो धक्का बसतो त्यात हा वर्गबिर्ग नसतो, त्यामुळे तो मात्र कमी होतो. पंधरा ग्रॅमची हलकी गोळी घ्या, वेग अठ्ठावीसशेच्या पुढे न्या. मार तोच, धक्का कमी. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, दोन रंगांत आलेख काढला आणि खुर्चीत मागे रेलून त्याच्याकडे बघत बसलो.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती मागून येऊन स्क्रीनकडे बघत म्हणाली, “बट बाबा, यू नेव्हर शूट बिफोर, राइट? हाऊ यू नो?”

मी म्हणालो, गणिताला बंदूक लागत नाही.

“ओके लोर,” ती म्हणाली आणि फ्रिजमधलं दही घेऊन गेली.

चीफचे ईमेल मीच लिहायचो. त्यांना इंग्रजी फर्डं बोलता येतं, पण टाइप करायचा जन्माचा कंटाळा. त्यांच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडे होता. पासपोर्टचं काम, विजेच्या कंपनीशी भांडण, मुलीच्या तिकिटाची भानगड, सगळं त्यांच्या नावानं मी लिहायचो आणि खाली त्यांचं नाव टाकून पाठवायचो. आपल्या लोकांत त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वडीलधाऱ्यांचे फॉर्म घरातला जवळचा माणूस भरतोच. गाइडलाही मी तसंच लिहिलं. अमुक वजनाची मऊ नाकाची गोळी, तमुक वेग, कळावे.

तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे. त्यानं लिहिलं होतं, ही गोळी हरणाला ठीक, रेड्याला नको. आपण चाळीस पावलांवरून मारणार, तिथे ती सगळ्यात वेगात असणार, आणि मऊ गोळी जितक्या वेगानं हाडावर आदळते तितकी लवकर फुटते. आत शिरायच्या आधीच तिचे तुकडे होतील. खांद्याची काळजी असेल तर उलट जडच गोळी घ्या, जिचं शिसं आणि वरचं तांबं घट्ट जोडलेलं असतं अशी. मी तिच्यामागे दारू कमी भरतो, ती हळू सुटेल. धक्का तुमच्या हलक्या गोळीइतकाच बसेल आणि गोळी जिथे पोचायला हवी तिथे पोचेल. शेवटी त्यानं लिहिलं होतं, जनावर ऊर्जेनं मरत नाही, आतपर्यंत गेलेल्या भोकानं मरतं.

आता बघा, उत्तर आयतं हातात होतं. खांदाही वाचत होता आणि नियमही. शहाण्या माणसानं आभार मानले असते.

मला राग आला. हळू जाणाऱ्या जड गोळीची ऊर्जा माझ्या तक्त्यात पाव हिश्श्यानं कमी येत होती. शेडमध्ये बसून दारू ठासणारा हा बाबा मला, एम.टेक. झालेल्याला, ऊर्जा म्हणजे काय ते शिकवणार? मी चीफच्या नावानं चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. आलेख जोडला. शेवटी लिहिलं की सर्व बाजूंनी विचार करूनच निर्णय घेतला आहे, तरी मागितल्याप्रमाणेच काडतुसं भरावीत. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: बंदूक तुमच्या खांद्याला, मर्जी तुमची.

शनिवारी बेडोकला चीफनी विचारलं, “काय म्हणतो गाइड?”

“काही नाही, ठीक आहे म्हणाला.”

कोपीत चमचा फिरवत मी हे बोललो. चीफनी मान हलवली आणि विषय संपला. मी त्यांना मेल दाखवला असता तर त्यांनी क्षणात गाइडचं ऐकलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच दाखवला नाही. आजवर मी स्वतःला पुष्कळ सबबी सांगून पाहिल्या, की विसरलो, की किरकोळ वाटलं. सगळ्या खोट्या. मला माझा तक्ता खरा ठरायला हवा होता, एवढंच.

शिकारीला मीही गेलो. चीफ म्हणाले, गणित तुझं, तर बघायला चल. माझी बायको म्हणाली, घरात झुरळ दिसलं की मला हाक मारतोस आणि निघालास रेडा मारायला. मी म्हणालो मी नुसता बघणार आहे.

तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास रेडा दिसला. एकटाच होता, म्हातारा, पाणथळीच्या कडेला उभा. मला वाटलं होतं काहीतरी अक्राळविक्राळ बघायला मिळेल. पण तो निव्वळ म्हशीसारखा होता. पाठीवर वाळलेला चिखल, ओलं नाक, शिंगं तेवढी थोराड. लहानपणी मी किटली घेऊन दूधवाल्याच्या गोठ्यात जायचो तेव्हा म्हशी अशाच कान हलवत मान वळवून बघायच्या. माझ्या तक्त्यात त्याचं वजन होतं, कातड्याची जाडी होती, फुफ्फुस किती इंचांवर ते होतं. कान नव्हते.

गाइडनं चीफना चाळीस पावलांपर्यंत नेलं. मी मागे होतो. चीफनी काठ्यांच्या तिपाईवर बंदूक टेकवली, बराच वेळ थांबले, आणि चाप ओढला. नेम चुकला नाही. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. बरोबर पुढच्या फऱ्यावर, जिथे बार बसायला हवा तिथेच वाळलेल्या चिखलाचा धुरळा उडाला. रेडा एकदम खचला, सावरला, आणि मागच्या दाट झाडीत घुसला.

“बसला,” मी म्हणालो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की चीफचा खांदा बघा, हललासुद्धा नाही.

गाइड कान देऊन उभा होता. झाडीत फांद्या मोडत गेल्या, मोडत गेल्या आणि लांब जाऊन थांबल्या. पडल्याचा आवाज आला नाही. अर्ध्या तासानं तो पुढे गेला, गवतावरचे रक्ताचे थेंब बघितले. थोडेच होते. परत आल्यावर त्यानं चीफच्या बंदुकीतली माझी काडतुसं काढून खिशात टाकली आणि स्वतःच्या पट्ट्यातली चार जड काडतुसं चीफच्या हातावर ठेवली. आता ही घाला, म्हणाला. त्यांत दारू कमी नव्हती. ती पुऱ्या धक्क्याची होती. मला त्यानं बोटानं गाडी दाखवली.

जखमी रेड्याच्या मागे झाडीत जाणं म्हणजे काय, हे मी त्या तीन आठवड्यांत भरपूर वाचलं होतं. तो वाट वळवून येतो, दबा धरतो, आणि दहा पावलांवरून अंगावर येतो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस एका धड हातानं त्याच्या मागे गेला आणि मी गाडीत काच वर करून बसलो.

सव्वातीन तास बसलो. त्या वेळात मी काय केलं तेही सांगतो, सांगायचंच आहे तर. आधी मी फोन काढून तक्ता उघडला. खरंच उघडला, कुठे चुकलं ते बघायला. आकडे सगळे बरोबर होते. मग मनात आलं, चीफना काही झालं तर? आणि त्या विचाराच्या पाठोपाठ दुसरा आला, की ते मेल काढून टाकायला हवेत. चीफच्या जिवाचा विचार माझ्या मनात पुरता एक मिनिटसुद्धा टिकला नाही. तिथे नेटवर्क नव्हतं, म्हणून मेल राहिले.

मग लांबून एक बार ऐकू आला. थोड्या वेळानं दोन, लागोपाठ.

चीफ परत आले तेव्हा डाव्या हातानं उजवा हात धरून चालत होते. चेहरा पांढराफटक. गाडीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “उभाच होता रे. झाडाला टेकून. पुढचा पाय टेकवत नव्हता. आम्ही आलो ते त्याला कळलं. यायला निघाला आमच्याकडे, आणि गुडघ्यावर बसला.” मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

गाइडनं रेडा सोलायला घेतला तेव्हा आम्हा दोघांना जवळ बोलावलं. पहिल्या बाराची जखम बशीएवढी रुंद होती. खोल किती, तर चार बोटं. फऱ्याच्या हाडावर गोळीचा भुगा झाला होता. त्यानं मांसातून वेचून चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा आणि तांब्याच्या चार-पाच चिरफळ्या काढल्या आणि तळहातावर धरल्या. फुफ्फुस तिथून वीतभर आत होतं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

“मी तुम्हाला लिहिलं होतं,” तो चीफना म्हणाला. आवाज चढवला नाही. “हेच होईल म्हणून लिहिलं होतं.”

चीफनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, चष्मा पुसायला लागतो तेवढा वेळ. मग ते गाइडकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “हो, लिहिलं होतंस. मीच ऐकलं नाही.”

त्या क्षणी मला बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मेल मी लिहिले, ह्यांना माहीतच नाही. गाइड मला फारसा ओळखत नव्हता, पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हता. त्याच्यापुढे माझं काय जाणार होतं? तरी मी मूग गिळून उभा राहिलो. चीफनी झाकलं आणि मी झाकू दिलं. लाज वाटते म्हणतात ती कशी वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते तुकडे गाइडनं चीफना देऊ केले. सिंगापूरला नेता आले नसते, पण नेता आले असते तरी त्यांनी घेतले नसते. परतीच्या विमानात त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. मी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, “लेकीची परीक्षा कधी आहे तुझ्या?” मी तारीख सांगितली. ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. त्यांनी मला जेवणातली मिठाई दिली. त्यांना एका हातानं पाकीट उघडता येत नव्हतं.

पाडव्याला मंडळाचं जेवण होतं, एका कॉन्डोच्या हॉलमध्ये. बटाटेवडे आणि श्रीखंड. कुणीतरी हौसेनं विचारलंच, “काय चीफ, दहाला दहा ना?”

“दहा जनावरं, तेरा बार,” चीफ म्हणाले. “शहाणपणा नडला. खांदा सांभाळायला हलकी गोळी मागवली. गाइड नको म्हणत होता.”

“अहो, अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” एक जण म्हणाला आणि सगळे हसले. चीफही हसले, खाली बघून. नवाला नऊ म्हटल्यावर हसायचे तसंच. मी त्यांच्या शेजारी वड्याची ताटली घेऊन उभा होतो. वडा मी चावला आणि गिळला, आणि चटणी छान झालीय म्हणालो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी लावत होती, हात थांबला नाही तिचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात म्हणतात, ती तू ठेवलीस. तीही ऑपरेशन झालेल्या खांद्यावर.” मग म्हणाली, “त्यांना जाऊन सांग. मला सांगून काय उपयोग?”

त्यानंतर तीन शनिवार मी ठरवून गेलो आणि तीन शनिवार इकडचं तिकडचं बोलून परत आलो. चीफ आता डाव्या हातानं कप उचलतात. खांद्याचं दुसरं ऑपरेशन करायचं की नाही यावर डॉक्टरांचं एकमत नाही. चौथ्या शनिवारी मी कोपी यायच्या आधीच तोंड उघडलं.

“चीफ, त्या मेलचं बोलायचं होतं.”

“मेलच करायचाय एक,” ते म्हणाले. “लॅपटॉप आहे ना?”

तो नेहमी असतोच. मी उघडला. गाइडनं पुढच्या वर्षी येणार का म्हणून विचारलं होतं, त्याला उत्तर द्यायचं होतं. चीफ मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेलो, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं.

“लिही, आता येणं होणार नाही. खांदा संपला. लिहिलंस? आता लिही. तो रेडा सव्वातीन तास उभा राहिला तो माझ्यामुळे. तुम्ही वेळेवर सांगितलं होतं. ते उत्तर मी कुणाला दाखवलं नाही, दाबून ठेवलं. मला वाटलं, मला जास्त कळतं.”

माझी बोटं थांबली. चीफ माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या दुकानातल्या टोस्टच्या रांगेकडे बघत होते.

“लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं.

“मला माफ करा असं लिही. आणि एवढे दिवस बोललो नाही त्याबद्दलही.”

तेही लिहिलं. मग विचारलं, “खाली नाव?”

“ज्याचं असेल त्याचं घाल,” चीफ म्हणाले. “मी टोस्ट घेऊन येतो.” आणि उठून रांगेत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून, उजवा हात पोटाशी धरून.

माणसानं माझ्यासाठी सगळं लिहून दिलं होतं. मला फक्त माझं नाव टाइप करायचं होतं, रोज दहादा करतो ते. टेबलं पुसणारी आँटी आली, मी लॅपटॉप उचलून धरला, तिनं खालून फडकं फिरवलं, मी लॅपटॉप ठेवला. रांगेत चीफच्या पुढे दोनच माणसं राहिली होती. मी विचार केला, गाइडला माझं नाव कळून काय फरक पडणार आहे. चीफना तर सगळं ठाऊकच आहे. हा विचार मला फार पटला. मी चीफचं नाव टाकलं आणि पाठवून दिलं.

ते आले, बशी माझ्यापुढे सरकवली. “गेला?”

“गेला.”

कुणाचं नाव घातलंस ते त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी ते बरेच बोलले, मोकळेपणानं, नातवाचे फोटो दाखवले. मला वाटतं, मी माझंच नाव घातलं असेल असं ते धरून चालले होते.

मंगळवारी ऑफिसात त्यांचा मेल उघडला तर गाइडचं उत्तर आलेलं. त्यानं चीफना लिहिलं होतं, की इतक्या वर्षांत असं कबूल करणारा माणूस मला भेटला नव्हता, तुमच्याबद्दलचा आदर वाढला. मी ते तीनदा वाचलं. शनिवारी बेडोकला गेलो, पंख्याखाली बसलो, कोपी आली.

“काय म्हणतो गाइड?” चीफनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “ठीक आहे म्हणाला.”